पान दोनशे अकरानंतर

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, विद्यापीठ कार्यालय,
दुसरा मजला.

अर्जदार : लिफ्ट दुरुस्ती कामगार, वय ५६, शिक्षण सातवी पास. मयत विद्यार्थिनीचे वडील.

विषय : विधी शाखा, द्वितीय वर्ष, 'पुराव्याचा कायदा' या विषयाच्या उत्तरपत्रिकेवरील 'कॉपी प्रकरण' हा शेरा काढणेबाबत व बंद केलेली चौकशी पुन्हा सुरू करणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. ९ मे. २) अर्जदाराचे तीन अर्ज, दि. १७ जून, २ जुलै व २१ जुलै. ३) आपले पत्र, दि. ३० जुलै. ४) उत्तरपत्रिका पाहण्याची परवानगी, दि. १२ ऑगस्ट.

महोदया,

हा चौथा अर्ज. आधीचे तीन अर्जदाराने कार्यालयाच्या फाटकाजवळ बसणाऱ्या टंकलेखकाकडून करून घेतले होते. त्यांत 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' हे वाक्य प्रत्येकी दोनदा होते. हा अर्ज अर्जदाराने स्वतः लिहिला आहे, म्हणून लांबला आहे. सातवी पास माणसाची भाषा अशी कशी, असा प्रश्न पडल्यास त्याचे उत्तर परिच्छेद २ मध्ये आहे. 'मी' असे लिहायला घेतले की हात पुढे सरकत नाही, म्हणून सर्वत्र 'अर्जदार' असे लिहिले आहे.

१. सदर विद्यार्थिनी ही अर्जदाराची एकुलती एक मुलगी. विधी शाखेचे पहिले वर्ष ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचून पहिल्या वर्गात पास झाली. त्याच सुट्टीत ती चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवू लागली. दोन कप फुटेपर्यंत घरात सगळे तिच्या धांदरटपणाला हसले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की डोळ्यांच्या मागे गाठ आहे. शस्त्रक्रियेत गाठ बरीचशी निघाली, दृष्टी मात्र राहिली नाही. महाविद्यालयाने एक वर्ष थांबण्याचा सल्ला दिला. घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, थांबून काय होणार? पुस्तकं आहेत, कान आहेत. फक्त डोळे तुमचे लागतील."

२. त्या दिवसापासून अर्जदार रोज संध्याकाळी सहाला कामावरून येऊन, वंगण निघावे म्हणून साबण आणि लाकडाचा भुसा लावून हात धुऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाचायला बसे. मालमत्तेचा कायदा, कौटुंबिक कायदा, कंपनी कायदा, कामगार कायदा आणि पुराव्याचा कायदा, असे दुसऱ्या वर्षाचे पाच विषय अर्जदाराने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचले. पहिल्या महिन्यात जोडाक्षर आले की अर्जदार अडखळे आणि ती पलीकडून शब्द पुरवी. कामगार कायद्याच्या वेळी अर्जदार मध्येच थांबून "हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही" असे म्हणे. त्यावर ती म्हणे, "पुढे वाचा बाबा, भांडण नंतर." कंपनी कायद्यात असे होते की सभासद आले-गेले तरी कंपनी कायम राहते. अर्जदाराने विचारले, "म्हणजे तिला मरण नाही?" ती म्हणाली, "गुंडाळावी लागते. आपोआप नाही मरत." यावर अर्जदार पुष्कळ वेळ विचार करीत बसला होता.

प्रत्येक प्रकरण ती तीनदा ऐके आणि चौथ्या वेळी स्वतः म्हणून दाखवी. अर्जदाराने बोट ओळीवर ठेवून तपासायचे. ती सहसा चुकत नसे. अर्जदार जिथे खोकला होता तिथे ती एकदा मुद्दाम खोकलीदेखील, आणि तिची आई पोळ्या लाटता लाटता हसली. महोदया, ही बाब प्रकरणाशी संबंधित आहे. शब्दशः पाठ असणे हाच तिच्यावरचा आरोप आहे.

३. परीक्षेस लेखनिक म्हणून खालच्या मजल्यावरील शिवणकाम करणाऱ्या बाई गेल्या. त्या दहावी पास असून त्यांचे अक्षर सुबक आहे. गिऱ्हाइकांची मापे लिहून लिहून ते तसे झाले, असे त्या सांगतात. त्यांची नियुक्ती आपल्याच कार्यालयाने मंजूर केली होती. दोघींना मोडके बाक रचून ठेवलेल्या वेगळ्या खोलीत बसवले होते. पुराव्याच्या कायद्याच्या पेपरला त्या खोलीवरील पर्यवेक्षक चाळीस मिनिटे बाहेर होते. का होते, ते अर्जदारास माहीत नाही आणि त्यांच्याबद्दल तक्रारही नाही. पुढे परीक्षकांना उत्तरपत्रिकेत पाठ्यपुस्तकाचा मजकूर पानेच्या पाने शब्दशः आढळला. अंध मुलगी, एकांतातली खोली, गैरहजर पर्यवेक्षक आणि पुस्तकी मजकूर, एवढ्यावरून बाईंनी पुस्तक लपवून नेऊन त्यातून उतरवले असा निष्कर्ष निघाला. नियमानुसार त्या वर्षाचे पाचही पेपर रद्द झाले.

४. नोटीस घरी आली तेव्हा ती पुन्हा रुग्णालयात होती. गाठ परत वाढली होती. पाकिटावर तिचे नाव होते. बोटाने पाकीट चाचपून ती म्हणाली, "निकाल आला वाटतं. वाचा." अर्जदाराने मनातल्या मनात आधी वाचले. वर्षभराच्या वाचनात अर्जदार तिला काही खोटे वाचून दाखवेल असा तिला संशय आला नव्हता. पास झालीस एवढे म्हणून कागद खिशात घालता आला असता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाई अर्जदाराकडे टक लावून पाहत होत्या. अर्जदाराने नोटीस जशीच्या तशी वाचली.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "तिसरा मुद्दा परत वाचा." तिसऱ्या मुद्द्यात लिहिले होते की विद्यार्थिनीस आपले म्हणणे मांडण्याची संधी दि. ११ जून रोजी देण्यात येईल. ती म्हणाली, "मग झालं तर. मी सगळं प्रकरण म्हणून दाखवते त्यांना. खुर्चीवर बसवून न्याल ना मला?" अर्जदाराने होकार दिला. जिना चढून खुर्ची नेण्यासाठी अर्जदाराच्या कामावरचे दोन सोबती तयार होते, कारण आपल्या इमारतीची लिफ्ट त्या वेळी बंद होती. अर्जदाराने ती विनामोबदला दुरुस्त करून देण्याबाबत तोंडी विचारणाही केली होती.

दि. ५ जून रोजी सकाळी ती वारली.

५. दि. १७ जूनचा अर्ज खिडकीवरून परत आला. म्हणणे मांडण्याचा अर्ज विद्यार्थ्याने स्वतः करावा, असे सांगण्यात आले. ती हयात नाही असे सांगितल्यावर मृत्यूचा दाखला जोडण्यास सांगितले. दाखला जोडून दि. २ जुलैचा अर्ज दिला, तेव्हा मयत व्यक्तीच्या प्रकरणात अर्ज घेता येत नाही असे कळले. तिसरा अर्ज घेतला गेला आणि दि. ३० जुलैच्या पत्राने उत्तर मिळाले : 'विद्यार्थिनी मयत असल्याने प्रकरण दप्तरी दाखल. आरोपाबाबत निर्णयाची आवश्यकता उरली नाही.' अर्जदाराने हे पत्र घरी मोठ्याने वाचले. मोठ्याने वाचण्याची सवय अजून गेलेली नाही. ऐकून तिची आई म्हणाली, "सोडा आता. कुणासाठी हिंडताय?" अर्जदार म्हणाला, "तिच्या नावापुढे तो शब्द आहे तोवर मला हिंडू दे."

आवश्यकता उरली नाही, हे बरोबर नाही. शिवणकाम करणाऱ्या बाई हयात आहेत. दुसऱ्या एका अंध विद्यार्थ्याने लेखनिक म्हणून त्यांचे नाव दिले, तेव्हा 'कॉपी प्रकरणात समाविष्ट' म्हणून ते नाकारले गेले. गल्लीत ही गोष्ट पसरली. बाईंना कोणी तोंडावर बोलत नाही, पण दोन घरांनी शिवायला टाकलेले कपडे परत नेले. कॉपीचा आणि शिवणाचा काय संबंध, हे अर्जदारास समजलेले नाही. बाई मात्र एकदाही अर्जदाराला रागाने बोलल्या नाहीत. "मी तिचं बोलणं लिहून घेतलं, दादा, बाकी मला काही येत नाही," एवढेच त्या म्हणतात.

६. आता या अर्जाचे मुख्य कारण. दि. १२ ऑगस्ट रोजी अर्जदारास उत्तरपत्रिका अर्धा तास पाहावयास मिळाली. अभिलेख कक्षातील लिपिकाने स्वतःची खुर्ची दिली, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. प्रश्न चारच्या उत्तरात परीक्षकांनी एका वाक्याभोवती लाल वर्तुळ करून 'निरर्थक' असे लिहिले आहे. ते वाक्य असे : 'मृत्यूपूर्व जबाब देणारी व्यक्ती पुढे वाचल्यास तिने दिलेला जबाब हा तज्ज्ञाच्या मतासारखाच विचारात घेतला जातो.'

ते वाचताच अर्जदाराला ती संध्याकाळ आठवली. हे वाक्य वाचून झाल्यावर ती म्हणाली होती, "हे कसं काय, बाबा? नीट बघा." अर्जदार दमलेला होता. "छापलंय तसं वाचतोय," असे तो जरा चढ्या आवाजात म्हणाला. त्यावर ती हसून म्हणाली, "असेल. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस तज्ज्ञच म्हणायचा की." आणि तिने ते पाठ केले.

अर्जदार घरी आला आणि त्याने पुस्तक उघडले. पान २११ 'तिने दिलेला जबाब हा' या शब्दांवर संपते. पान २१२ आणि पान २१३ एकमेकांना चिकटलेली आहेत. मध्ये वंगणाचा डाग आहे. तो डाग अर्जदाराच्या अंगठ्याचा आहे, दुसऱ्या कोणाचा असणे शक्य नाही. अर्जदार दोन पाने एकदम उलटून २११ वरून थेट २१४ वर गेला, आणि पान २१४ 'तज्ज्ञाच्या मतासारखाच विचारात घेतला जातो' या शब्दांनी सुरू होते. तिथले मूळ वाक्य हस्ताक्षर ओळखणाऱ्याच्या अभिप्रायाविषयी आहे. वाफ देऊन पाने सोडवली असता पान २१२ वर जे खरे उत्तर होते ते मिळाले : अशी व्यक्ती वाचल्यास तो मृत्यूपूर्व जबाब राहत नाही.

हे वाक्य छापील स्वरूपात कोठेही नाही. ते अर्जदाराच्या तोंडून निघाले आणि तिच्या कानात गेले. ज्याच्यापुढे दुसरे कोणतेही पुस्तक उघडे असते, त्याला ते लिहिता आले नसते. राहता राहिले हे डाग पडलेले पुस्तक. ते पेपरच्या दिवशी पूर्ण वेळ फाटकाबाहेर अर्जदाराच्या हत्यारांच्या पिशवीत होते. पहारेकऱ्याने पिशवी तपासून नोंदवहीत 'वडील, नट-बोल्टचे पाने, पक्कड, एक पुस्तक' असे लिहून घेतले आहे. बाईंनी पुस्तकातून उतरवले नाही, हे यावरून सिद्ध व्हावे.

प्रश्न चारला तिला शून्य गुण आहेत. ते तसेच ठेवावेत. त्या शून्याबद्दल अर्जदाराने तिची क्षमा मागायला हवी होती.

७. सबब विनंती की, चौकशी पुन्हा सुरू करावी. तिच्या जागी अर्जदारास बोलावून समितीने कोणतेही प्रकरण विचारावे. वर्षभर वाचल्याने ते अर्जदारासही पाठ झाले आहे आणि पान २११ नंतर अर्जदारही तिथेच चुकतो. शेरा निघाल्यास पाच पेपरांचे जे गुण असतील ते गुणपत्रकावर यावेत. नापास आल्यास नापास लिहावे. बाईंचे नाव पुढील परीक्षेपूर्वी कॉपी प्रकरणांच्या यादीतून काढावे. ही विनंती बाकी सर्वांच्या आधीची समजावी.

८. शेवटची विनंती नियमात बसते की नाही ते माहीत नाही. उत्तरपत्रिकेच्या पान १४ ची एक प्रत मिळावी. पाहण्याची वेळ संपताना ते पान समोर आले. ऐकीव पुरावा म्हणजे काय, हे उदाहरणासह लिहा, असा प्रश्न आहे. पुस्तकातले उदाहरण तिला पाठ होते, पण तिने ते दिलेले नाही. तिने बाईंना असे सांगितले : 'माझे वडील रोज संध्याकाळी सहा वाजता जिना चढतात. त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा जड पडतो आणि तिसऱ्या मजल्यावर ते क्षणभर थांबतात. ते आले हे मला कोणी सांगितलेले नाही आणि मी ते पाहिलेलेही नाही. मी ते स्वतः ऐकले आहे. म्हणून ते घरी आले ही माझी साक्ष ऐकीव नाही, प्रत्यक्ष आहे.'

समासात लाल शाईने बरोबरची खूण आहे.

अर्जदार एकोणतीस वर्षे लिफ्ट दुरुस्त करीत आहे आणि या कामात जिनेच जास्त चढावे लागतात. उजवा पाय जड पडतो, हे अर्जदारास आजवर कोणी सांगितले नव्हते.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
(सही)
विद्यार्थिनीचे वडील
दि. १९ ऑगस्ट

सोबत :
१) पुस्तक, पाने २११ ते २१४ खुणेसह (काम झाल्यावर परत मिळावे).
२) फाटकावरील नोंदवहीच्या पानाची प्रत.
३) शिवणकाम करणाऱ्या बाईंचा जबाब, त्यांच्याच अक्षरात.
४) मृत्यूचा दाखला, तिसरी प्रत.

कार्यालयीन शेरा, दि. २६ ऑगस्ट :
पुस्तक व उत्तरपत्रिका मी स्वतः ताडून पाहिली. प्रकरण दप्तरातून काढून समितीपुढे ठेवावे, तारीख ११ सप्टेंबर. अर्जदारास बोलवावे. लेखनिक बाईंचे नाव आजच कॉपी प्रकरणांच्या यादीतून काढावे. पान १४ ची प्रत अर्जदारास हातात द्यावी, टपालाने पाठवू नये. लिफ्ट अजून बंद असल्यास मी खाली येईन.
(सही)
परीक्षा नियंत्रक