पोट भरल्याची थाप

प्रिय भाऊ,

तुझं एक वाक्य आज सकाळी वहिनीच्या तोंडून ऐकलं, म्हणून लिहितोय. रागातच लिहितोय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं. ते महिनाभर बोलून झालं.

सात वर्षं आपण जळगावहून जामनेरची सव्वासहाची बस पकडली. तू मार्केट यार्डात कारकून, मी शाळेत संस्कृतचा मास्तर. बस सुटली की मी डबा उघडायचो. कळण्याची भाकरी, मटकीची उसळ, एक केळं. तू आत डोकावून प्रवचन द्यायचास. नुसती भाकरी नको, उसळ पाहिजे, फळ पाहिजे, सकाळचं खाणं चुकलं की दिवस चुकला. आणि डबा पुढे केला की हात आडवा!

"मनं पोट भरेल शे, बापू. तुझी वहिनी उपाशी सोडते का?"

तुझं पोट भरलंय, हे मी खरं मानलं. पोरांकडून 'क्षुधा' सातही विभक्त्यांत चालवून घेणारा मी, शेजारच्या सीटवरची भूक मला ओळखता आली नाही.

जामनेरच्या स्टँडवर तू कोसळलास. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाची गोळी घेतलीय आणि पोटात अन्नाचा कण नाही. मी त्यांच्याशी भांडलो, भाऊ. आमच्या वहिनीबद्दल असं बोलू नका म्हणालो.

दहाव्याला पाहुणे उठल्यावर वहिनी म्हणाली, एक बरं होतं, सकाळी तुमच्या डब्यातलं अर्धं तरी त्यांच्या पोटात जायचं. मी म्हणालो, माझ्या डब्यातलं?

तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "म्हणजे हे रोज उपाशीच जायचे?"

तेव्हा कुठे सगळं उलगडलं. तिचे गुडघे दुखतात, पहाटे उठवायला नको, म्हणून तू तिला माझा डबा सांगितलास आणि मला तिचा स्वयंपाक. अरे, रात्रीची भाकरी दह्यात कुस्करायला गुडघे लागतात का? तुला दोन हात होते ना? माझ्याकडे अर्धी भाकरी मागायला तोंड नव्हतं? लोक याला माया म्हणतात. दोन माणसांना जन्माची टोचणी लावून गेलास, ही कसली माया?

आता ऐक. आज बसआधी वहिनीकडे डोकावलो. काही खाल्लं का विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मनं पोट भरेल शे, बापू."

ओट्यावर फक्त चहाचं पातेलं होतं. शेजारी तिच्या गोळ्या.

मी वाद घातला नाही. ताट मागितलं, डब्यातली अर्धी भाकरी आणि उसळ वाढली, समोर बसलो. सव्वासहाची गेली. तिने पहिला घास घेतला तेव्हा पावणेसात झाले होते.

भाऊ, शब्द देतो. खाल्लं का, हे त्या घरात मी पुन्हा कुणाला विचारणार नाही. रोज समोर बसेन. ताट रिकामं झालं की मगच बस पकडेन.

अजून राग न निवळलेला,
बापू