लेन्सवरचा लाल ठिपका

जळोची, मंगळवार संध्याकाळ

बाबांच्या इंदापूरच्या स्टुडिओतली जुनी लेन्स आज अडॅप्टर लावून माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली. फोकस हातानंच फिरवायचा. रिंगवर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. बाबांनीच केला असणार, पण कशासाठी? आता विचारणार कुणाला? रिंग ठिपक्यावर ठेवून आईकडं कॅमेरा धरला, तर चेहरा धूसर. सरकत अगदी दोन हातांवर गेलो, तेव्हा कुठं डोळे स्पष्ट दिसले. गिऱ्हाइकांना बाबा इतकं जवळ बसवायचे नाहीत. मग कुणाला?

“हे नेलपॉलिश तुझं का?”

“मी कधी लावलंच न्हाय,” आई म्हणाली. “इतक्या जवळनं त्यांनी माझा फोटोबी न्हाय काढला.”

ठिपका पुसू का, विचारलं.

“ऱ्हाऊ दे. हितनंच माझा एक काढ.”