नीलूची दुसरी साखळी

मांजर्ली, बदलापूर
बुधवार संध्याकाळ, ऑक्टोबर १९८९

दिवाळीची सुट्टी लागायला आठ दिवस राहिले. नीलूने सकाळी उठल्या उठल्या साखळीतली आजची कडी फाडली. पतंगाच्या कागदाची, कणकेच्या खळीने चिकटवलेली ही साखळी आम्ही दोघींनीच केली. सुट्टीत ती चिपळूणला आजीकडे जाणार, तिच्या गेलेल्या आईच्या माहेरी. लग्न होऊन मी या घरात आले त्याला पाचच महिने झाले. एवढ्या आनंदाने कड्या फाडते, ते माझ्यापासून सुटायचं म्हणूनच ना? आठ वर्षांच्या पोरीवर कसला राग धरतेय मी! पण सलत होतं, खरं आहे.

आज शाळेतून येऊन म्हणाली, "मावशी, अजून खळ करून द्या ना."

"आता कशाला? साखळी तर झालीय."

तरी मी खळ करून दिली. उरलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवत बसली, कोपरापर्यंत खळ. मग स्टुलावर चढून नवी साखळी स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीला बांधली.

"ही कसली गं?"

"मी गेले की रोज एक फाड. संपली की मी आलेच."

'फाडा' नाही, 'फाड' म्हणाली. तिला कळलंही नसेल. माझे डोळे दिसू नयेत म्हणून मी पाठ फिरवून कुकर लावला. दिवा लावताना देवाकडे मागायला आज काही सुचलंच नाही.

नंतर कड्या मोजल्या. सुट्टी एकवीस दिवसांची आणि कड्या एकोणीसच. विचारलं तर म्हणाली, "दोन दिवस आधी येणारे मी. बाबांना तू सांग."

हे आले की चपला काढायच्या आत सांगणार आहे.