पेन्शनमध्ये बसवलेला हिवाळा

२ नोव्हेंबर
मुक्ताशी फोनवर करार झाला. ह्या हिवाळ्यात सगळा घरखर्च माझ्या पेन्शनमध्ये भागला, बचतीला हात लागला नाही, तर घर राहील. नाही भागला तर उन्हाळ्यात विकायचं आणि मी वॉटर्लूला, लेकीच्या बेसमेंटमध्ये. सेपरेट एन्ट्रन्स आहे बाबा, असं दोनदा म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. इथल्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, बेरीज येते मला. शिवाय गाव कॅनडाच्या पूर्व टोकाला, हॅलिफॅक्सपासून दोन तास आत, एक दुकान, एक पेट्रोल पंप. पैसे उडवायचे म्हटले तरी कुठे उडवणार?

९ नोव्हेंबर
तेलवाला घर तापवणाऱ्या फर्नेसची टाकी भरून गेला. बिल बघून खाली बसलो. थर्मोस्टॅट सतरावर. वरच्या दोन्ही खोल्या बंद. थंडीची सवय होते.

२१ नोव्हेंबर
पहिला मोठा बर्फ. मी उठेपर्यंत शेजारच्या डगने स्नोब्लोअर फिरवून ड्राइव्हवे लख्ख केला होता. पैशांचं विचारलं तर नुसता हात हलवून गेला. संध्याकाळी त्याची बायको लॉरेन लझानिया घेऊन आली. पालकाचा, मुद्दाम माझ्यासाठी. मुक्ताला कळवलं, बर्फाचा खर्च शून्य. तुमच्या वॉटर्लूत होतं का असं?

२४ नोव्हें.
लॉरेनचं भांडं धुऊन ओट्यावर ठेवलंय. सुमनला जाऊन चार वर्षं झाली, पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हा तिचा कायदा ह्या घरात अजून लागू आहे. शंकरपाळे केले. आयुष्यात पहिल्यांदा. डग म्हणे, विंटर टायर्सना खिळे म्हणून चालतील. सगळे संपवले मात्र.

१२ डिसेंबर
भांडं पुन्हा भरून आलं, ह्या वेळी सफरचंदाचा काहीतरी गोड प्रकार. मग बेसनाचे लाडू. तूप घरी कढवलं. लोणी इथे काय भावाने मिळतं ते लिहीत नाही. बेसन नि वेलदोडे हॅलिफॅक्सहून, येण्याजाण्याचं पेट्रोल वेगळं. पण लाडू जमले! लॉरेनने कृती विचारली. आमच्याकडे पूर्वापार चालत आलीय असं ठोकून दिलं. यूट्यूबचं नाव काढलं नाही.

५ जानेवारी
हिशेब केला. ग्रोसरी जवळजवळ दुप्पट. मी एकटा माणूस, रात्री दूधभात खातो. सगळं लोणी, साखर, काजू कुंपणापलीकडे जातंय. पैसे देऊन बर्फ काढायला माणूस ठेवला असता तर स्वस्त पडलं असतं. गणिताच्या मास्तरला हे आत्ता कळतंय. मुक्ताला बोललो नाही. थर्मोस्टॅट सोळावर.

११ जाने.
तोडगा काढला. पाकिटात नोटा, वर आभाराचं कार्ड, डगच्या मेलबॉक्समध्ये टाकून आलो. व्यवहार चोख. आता लाडू बंद.

१४ जाने.
चोख कसला. बर्फ पडला, डगने नेहमीसारखा काढला, पण खिडकीकडे बघून हात केला नाही. पाकीट माझ्या दारात, न फोडता. इतकी वर्षं शेजारी राहून त्याला मजूर ठरवला मी. अक्कल गहाण टाकली होती की काय.

१५ जाने.
गेलो त्याच्याकडे. चूक झाली म्हटलं. डगने स्टोव्हमध्ये एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "अरुण, यू टॉट माय थ्री किड्स ॲट युअर किचन टेबल. डिड यू एव्हर सेंड अस अ बिल?"
मी विसरूनच गेलो होतो. तिघंही गणितात दगड. शाळा सुटली की आमच्याकडे यायची, सुमन आधी पोहे द्यायची, मग मी अपूर्णांक. थोरली आता नर्स आहे.
निघताना लॉरेनने दारात गाठलं. डगची शुगर वाढलीय, डॉक्टर रागावलेत, तू लाडू थांबवलेस तर मीही ओव्हनला सुट्टी देईन. तीही माझ्यासारखीच अडकली होती तर!
घरी ताठ चालत आलो. ह्या गावात आपण काहीतरी केलंय. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

२० मार्च
मुक्ता आली. हिशेब पुढे ठेवला. काठावर पास, पण पास. बचतीला बोट लागलेलं नाही. म्हटलं, जिंकलो.
तिने कोट काढलाच नव्हता. थर्मोस्टॅट बघून आली. पंधरा. शेवटी शेवटी तिथवर आणावा लागला होता. "बाबा, यू डिडन्ट विन. यू फ्रोझ," म्हणाली, आणि रडायला लागली. मला वाटलं होतं शाबासकी देईल.

२१ मार्च
सकाळी मुक्ता लॉरेनकडे कॉफीला गेली ती दोन तासांनी आली. घर विकायचं नाही म्हणाली. मी काही बोलणार तेवढ्यात पुढचं आलं. पुढच्या हिवाळ्यापासून तेलाचं बिल ती भरणार आणि थर्मोस्टॅट वीसच्या खाली जाणार नाही. नाहीतर बेसमेंट.
लेकीच्या पैशांवर घर तापवायचं? तोंडावर सांगितलं, असलं माझ्या बापानेही कधी केलं नाही.
"मी लहान असताना हे घर कोण तापवायचं?" म्हणाली. चक्क शुद्ध मराठीत. मग बर्फ झाडायला बाहेर गेली, डगशी गप्पा चालल्यात.
परवा तिची फ्लाइट. तोवर काय ते सांगा म्हणालीय. फर्नेस चालू आहे, तिनेच लावलीय. किती दिवसांनी नुसत्या शर्टावर बसून लिहितोय. नाही म्हणायचं ठरवलंय. पण दुपारपासून दोनदा तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही वेळा चहा करू का एवढंच विचारलं.