वरचा बाण

३ फेब्रुवारी १९९४

आजही बाबा तोंड पाडून आले. ऑफिसात कॉम्प्युटरवर चलन भरताना मधेच सगळं उडतं – आणि फक्त त्यांचंच! शेजारच्या टेबलावर बाळकृष्णकाकांचं मजेत चालतं. साहेबांनी सांगून ठेवलंय, पंधरा तारखेपर्यंत ज्याला जमणार नाही त्याने घरी बसावं. त्यात प्रोग्राम मी नोकरी करते त्या फतेगंजच्या कंपनीचाच! काय मेलं नशीब!

४ फेब्रुवारी

देवेंद्रभाईंना सांगितलं. कंपनीतले माझे सर तेच, प्रोग्रामही त्यांनीच लिहिलेला. "प्रोग्राम बराबर छे, बेन. ए काकाने आवडतुं नथी." म्हणे काकांनाच येत नाही! ते काका माझे बाबा आहेत, हे त्यांना कुठे ठाऊक? अस्सा राग आला!

६ फेब्रुवारी

रविवार. बाळकृष्णकाका चहाला. रोज सकाळी कारेलीबागेत आमच्या दारात हॉर्न वाजवून बाबांना स्कूटरवर नेतात, तरी रविवारीही यायचंच. बाबांना चिडवत होते – "दिनकरराव, तुम्ही भरलेलं तपासत बसता कशाला? मी तर सरळ भरत सुटतो!"

"टाइपरायटरची सवय. ओळ झाली की वर जाऊन बघायचं."

वर जाऊन! म्हणजे बाणाची कळ!

"आणि बाबा, उडाल्यावर काय दिसतं?"

"नावाच्या जागी चौकोनी कंस आणि ए. मी ते लिहिलेलंच नसतं गं."

उद्या कधी उजाडतंय!

७ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं!! बाणाची कळ दाबली की टर्मिनल तीन अक्षरं पाठवतं – एस्केप, चौकोनी कंस, ए. आमचा दीडशहाणा प्रोग्राम पहिलंच वाचतो, एस्केप म्हणजे 'रद्द' समजतो आणि नोंद फेकून देतो! उरलेली दोन जातात पुढच्या नोंदीत. बाबांची काही म्हणता काही चूक नाही!

उपाय एवढासा. एस्केप आला की क्षणभर थांबायचं. मागून ती दोघं आली तर बाण, नाहीतर खरंच रद्द. देवेंद्रभाई बघतच राहिले. मग सांगितलं, ते काका म्हणजे माझे बाबा. बिचाऱ्यांनी चहा मागवला!

१५ फेब्रुवारी

बाबा पास! साहेब मागे उभे राहून बघत होते, आणि जेवणाच्या सुट्टीआधी सगळा गठ्ठा संपला – एकही चूक नाही! आईने शिरा केला. काकांसाठी डबा भरून ठेवलाय.

१७ फेब्रुवारी

साहेब काल म्हणाले, इतकं झटपट होत असेल तर एकच माणूस पुरे. बिनचूक काम करणारा ठेवू. एक तारखेपासून बाळकृष्णकाकांनी यायचं नाही.

आज हॉर्न वाजला नाही. बाबा बसने गेले.