शून्य खर्चाचा डबा

३ जून
कॅन्टीनवाल्याने पुन्हा भाव वाढवले. ताटात तोच भात, तीच पाण्यासारखी डाळ. बस्स! उद्यापासून कॅन्टीन बंद, घरून डबा. बायको म्हणाली, डब्याचं वेगळं करायचं तर किराणा वाढवावा लागेल. एक पैसा वाढणार नाही, असं ठणकावून सांगितलं. पंधरा वर्षं नळांच्या गोदामात स्टोअरकीपर आहे मी. मार्ग काढतो.

४ जून, सकाळी ७
मार्ग निघाला! फ्रिजमध्ये रात्रीचा भात, बटाट्याची भाजी, पावाचे दोन तुकडे. नुसतं पडून. गोदामात याला आम्ही डेड स्टॉक म्हणतो. रोज सकाळी असतं आणि संध्याकाळी येतो तर भांडी घासून पालथी. म्हणजे बायको टाकून देत असणार. लग्नापासून अकरा वर्षं! सगळं डब्यात भरलं. तिने विचारलं, सगळं नेताय? म्हटलं, सगळं. रिकामी भांडी उचलून घासायला घेतली. आमच्या घरात कौतुकाची पद्धतच नाही.

९ जून
डबा जोरात. जेवताना सगळ्यांना पद्धत समजावून सांगितली. थेंबे थेंबे तळे साचे वगैरे. कॅशिअर म्हणाला, आयत्या बिळावर नागोबा. जळतो मेला. टायपिस्टबाईंनी विचारलं, मग वहिनी दुपारी काय खातात?
माहीत नाही. घरीच शिलाई करत असते, खात असेल काहीतरी. स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात आहे.

१० जून
विचारलं. चहा घेते म्हणाली. उत्तम. चहाने भूक मरते.

१७ जून
आज डबा अर्धाच भरला. दुपारी तीनपासून पोटात कावळे. घरी येऊन स्पष्ट बोललो, नियोजन नाही! रात्री जेवताना तू जरा हात आखडता घेतलास तर सकाळी डबा नीट भरेल. तिने मशीन थांबवलं. मग बरं म्हणाली. समजूतदार आहे, फक्त सांगावं लागतं.

२५ जून
बायको सडसडीत झाली आहे. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरतं. लोक जिमला पैसे भरतात, आमच्याकडे फुकट. काल मेहुणी आली होती. म्हणाली, भावजी, ताई निम्मी झाली हो. मेहुणीला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. शिवाय जेवून गेली. सकाळी डब्यात फक्त भात.

२ जुलै
बायकोने गिऱ्हाइकाच्या शर्टाला बाही उलटी लावली. गिऱ्हाईक दारात येऊन ओरडून गेलं. मीही ओरडलो. म्हणते, दुपारी मशीनवर बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. चष्म्याचा नंबर असेल. पुढच्या महिन्यात बघू.

५ जुलै
मोठा दिवस! साहेबांनी मीटिंगमध्ये 'काटकसर' या विषयावर मला बोलायला उभं केलं. वीस मिनिटं बोललो. मध्ये फोन तीनदा वाजला, तीनदा कापला. टाळ्या. शेजारीण होती फोनवर. बायको मशीनवरच कोसळली म्हणे. शेजारणीने रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. नेमका आजचाच दिवस मिळाला हिला.

६ जुलै
डॉक्टर तरुण आणि उद्धट. अंगात रक्त नाही म्हणाला. आहार विचारला. मी म्हटलं, भरपूर जेवते. त्याने मला थांबवून तिला विचारलं. ती म्हणाली, आधी मी दुपारी रात्रीचं उरलेलं खायचे. आता ते डब्यात जातं.
डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिला. घरातल्या गोष्टी परक्यासमोर काढायची काय गरज होती? आणि आधीच सांगायला काय झालं होतं? मी काय मनकवडा आहे? रात्री झोप आली नाही. डास होते.
ठराव: ती घरी आली की निम्मं-निम्मं. निदान सुट्टीच्या दिवशी तरी.

७ जुलै, दुपारी १
घरी स्वयंपाक नाही, त्यामुळे डबा नाही. उपाशीच वॉर्डात गेलो. तिला जेवणाचा ट्रे आला. गरम भात, डाळ, पाव, उकडलेलं अंडं. बसून, सावकाश, एकेक घास खात होती. अकरा वर्षांत तिला असं बसून जेवताना पाहिल्याचं आठवत नाही. मध्येच डोळे पुसले. डाळ तिखट असेल.
अंडं तसंच राहिलं होतं. वाया जाईल म्हणून मी खाल्लं.
तिने ते शेवटी खायला ठेवलं होतं म्हणे. नर्स सगळ्या वॉर्डासमोर माझ्यावर तुटून पडली, पेशंटच्या ताटातलं खाता, लाज नाही वाटत? एका अंड्यावरून एवढा तमाशा! वाटलं, बायको बाजू घेईल. ती नर्सला म्हणाली, असू द्या, त्यांना सवय आहे.
बाजूच घेतली म्हणायची.

८ जुलै, दुपारी १२.४०
मन मोठं केलं. स्वतःच्या पैशांनी दोन अंडी घेतली, उकडली, कागदात बांधली. एक तिला, एक मला. गेटवर रखवालदाराने अडवलं. वहीत बोट फिरवून म्हणाला, सतरा नंबरच्या बाईंना जेवणाच्या वेळी कुणी भेटायचं नाही. मी म्हटलं, अहो, मी नवरा! तो म्हणाला, हो, नवराच लिहिलाय. डॉक्टरांची कटकट असणार, मला ठाऊक होतं. डॉक्टरांचं नाव विचारलं.
डॉक्टरांनी नाही, पेशंटनेच सांगितलंय, म्हणाला. खाली सही तिची होती.
बाकावर बसून दोन्ही अंडी खाल्ली.