टेबल नंबर साडेचार हजार

२ मार्च, सोमवार. सकाळी १०.
नवी वही काढली. पहिल्या पानावर शाळेतल्या वळणदार अक्षरात: या शहरातल्या खाण्यापिण्याच्या बारा गोड जागा. लेक एकोणतीसला येतेय. सत्तावीस दिवस, बारा जागा. सव्वादोन दिवसांना एक. सहज.

कारण लिहून ठेवते, पुढे विसरायला नको. काल फोनवर लेक म्हणाली, आई, बाबा गेल्यापासून तू ओट्याशी उभ्याउभ्या टोस्ट खातेस, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, छे गं, मी बाहेर जेवते, सगळीकडे ओळखतात मला. तर म्हणाली, बरं, मग अशी एक जागा दाखव, जिथे तू एक दिवस गेली नाहीस तर कुणाच्या तरी लक्षात येईल. एक जरी खरी निघाली तर मी ते ब्रोशर परत घेईन.

ब्रोशर म्हणजे तिच्या घराजवळच्या ज्येष्ठ-निवासाचं. कव्हरवर एक म्हातारी हिरवळीवर बसून हसतेय. हिरवळीत इतकं हसण्यासारखं काय असतं?

मी म्हटलं, एक काय, बारा दाखवते.

संकल्प: रोज पायी फिरणे. प्रत्येक जागेला दहापैकी गुण. टोस्ट बंद.

दुपारी १.
टोस्ट. शेवटचा. पण बसून खाल्ला. (खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. गठ्ठ्यावर बसले.)

४ मार्च, बुधवार.
जागा पहिली. चौकातला काचेचा कॅफे. टेबलावर काळी-पांढरी चौकोनी नक्षी चिकटवलेली. वेटर म्हणाला, मॅडम, फोन काढा आणि त्याचा फोटो घ्या. घेतला. छान आला. त्यालाही दाखवला. तो गेला. मी पाऊण तास पाठ ताठ ठेवून बसले, कोपर टेबलावर नाही, शाळेत सिस्टरांनी शिकवलं तशी. काहीही आलं नाही.
गुण: शून्य. फोटोला आठ.

६ मार्च, शुक्रवार.
आज हक्काची जागा. लग्नाआधी हे मला जिथे कॉफीला न्यायचे ते कोपऱ्यावरचं दुकान. खिडकीपाशी आमचं ठरलेलं टेबल. हे साखर ढवळत बसायचे, कप थंड होईपर्यंत, म्हणजे उठावं लागू नये.

तिथे आता गाद्या विकतात. आमच्या टेबलाच्या जागी डबलबेडची गादी. मी तिच्यावर बसले. सेल्समन म्हणाला, आडव्या होऊन बघा ना, मॅडम. झाले. एक तास झोप लागली. उठले तेव्हा अंगावर चादर होती.
खाणे नाही, पिणे नाही, पण वागणूक उत्तम. गुण: सहा. यादीत मात्र घालता येणार नाही. लेकीला गादीवर कशी जेवू घालू?

९ मार्च, सोमवार. दुपारी ३.
सापडली! सापडली!
छापखान्याच्या मागच्या गल्लीत. पाटी नाही. खऱ्या चांगल्या जागेला पाटी लागतच नाही. मोठं अंगण, वर पत्रे, खाली चार टेबलं, एक खुर्ची दुसरीसारखी नाही. जमिनीवर लाकडाचा भुसा पसरलेला, जुन्या चित्रांतल्या खानावळींत असतो तसा. हल्ली याला डेकोर म्हणतात. आणि तो ताज्या लाकडाचा वास! नव्या पेन्सिलीला टोक काढल्यासारखा. मी एकदम तिसरीत गेले.

पस्तिशीचा वेटर. कानावर पेन्सिल, ऑर्डर लिहून घ्यायला. मी विचारलं, चालू आहे ना? म्हणाला, चालूच आहे की. बसा आरामात, मागे रेलून बघा, हलवून बघा, काही घाई नाही. इतकं आर्जव आता कुठे उरलंय? रेलले. हलवून बघितलं. खुर्ची पक्की.

मग आतून मालकीणबाई आल्या. माझ्याच वयाच्या, पदराला हात पुशीत. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, जेवायच्या वेळेला आलात, आता जेवूनच जायचं. मेन्यूची भानगडच नाही! गरम सूप, ब्रेड, बटाटे. बटाट्यांना चव होती. घरात कुणीतरी असताना लागते तशी.

काय कसं विचारलं नाही. सिस्टर म्हणायच्या, चांगल्या घरच्या मुली प्रश्न विचारत नाहीत. बिल आणायची पद्धत नाही, म्हणून दाराजवळ पत्र्याचा डबा दिसला त्यात नोट सरकवली. विश्वासावर चाललेला धंदा.
गुण: नऊ. उरलेला एक उद्या देईन, म्हणजे शेफारणार नाहीत.

११ मार्च, बुधवार.
तिसऱ्यांदा गेले. मालकीणबाई मला ताई म्हणतात, स्वयंपाक करणारी तरुण मुलगी मावशी म्हणते, वेटर काकू म्हणतो. प्रत्येकाला वेगळं ट्रेनिंग दिलेलं दिसतं.

खुर्ची फार प्रेमळ निघाली. उठायला गेले तर शाल सोडेना. वेटर धावला, काकू, त्या कडेच्या खुर्चीत कशाला बसलात, ती ओली आहे म्हणाला, आणि टर्पेंटाइनने मला सोडवलं. मी म्हटलं, चालायचंच. मोठ्या मनाने म्हटलं. राखाडी शालीवर आता तपकिरी पट्टा आहे. शोभतो.

१३ मार्च, शुक्रवार.
टेबलांवर खडूने नंबर घालतात. माझ्या टेबलाचा आज साडेचार हजार. तर एकूण व्याप केवढा असेल! आणि मी समजत होते छोटीशी जागा.

इंटिरियर दर दोन-तीन दिवसांनी बदलतं. सोमवारी पाळणा होता, बुधवारी कपाट आलं. आज तर कमाल. मी सूप पीत असताना दोन माणसं आली, मला म्हणाली, ताई, जरा वाटी उचलता का, आणि टेबल घेऊन गेली. टेम्पोत घालून. मी वाटी हातात धरून बसले. एवढं झालं तरी एक थेंब सांडला नाही. शेवटी शाळा शाळाच.
कल्पकता: दहा. स्थैर्य: दोन.

१७ मार्च, मंगळवार.
सूप अळणी. परत पाठवलं. परीक्षकाने भिडेला बळी पडू नये. स्वयंपाकवाल्या मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मालकीणबाईंचा चेहरा मात्र असा फुलला की काय सांगू! म्हणाल्या, बघ, मी रोज सांगते ते आज तुझ्याच माणसाने सांगितलं.
'तुझ्याच माणसाने'. ग्राहकाबद्दल केवढा हा आपलेपणा! मुलगी माझ्याकडे बघून पुटपुटली, दोघी मिळालेल्याच आहेत.

१८ मार्च, बुधवार.
आत भांडण. मुलगी वेटरला विचारत होती, खिळ्यांच्या डब्यात नोटा लपवून ठेवता? माझ्यापासून? तो शपथा घेत होता, अगं, माझ्या नाहीत, कुठून येतात देव जाणे. ती म्हणाली, हो तर, खिळ्यांना पिलं होतात ना.
टिपवरून वाद दिसतो. मध्ये पडले नाही. डब्यात नेहमीसारखी नोट सरकवली. बिचाऱ्यांना तेवढाच आधार.

२० मार्च, शुक्रवार.
लेकीचा फोन. किती जागा झाल्या? म्हटलं, आता फक्त अकरा राहिल्या. ती म्हणाली, ब्रोशर आणतेय मी, आई. खोलीला बाल्कनी आहे म्हणतात.
माझ्या घराला बाल्कनी नाही. पण जिन्याच्या नवव्या पायरीवर हे दम घ्यायला थांबायचे आणि थांबलो नाहीच असं दाखवायला बूट बघायचे. ती पायरी ब्रोशरमध्ये कुठे आहे?

संकल्प: उद्यापासून दिवसाला दोन नव्या जागा.

२१ मार्च, शनिवार.
वेळ झाली नाही. आपल्या जागी जेवले.

२३ मार्च, सोमवार.
नव्या जागेसाठी निघाले, पाय आपोआप त्याच गल्लीत वळले. पायांना दोष देण्यात अर्थ नाही.

२५ मार्च, बुधवार.
सर्दी. अंग कसकसतंय. घरीच. टोस्ट. उभ्याने.

२६ मार्च, गुरुवार.
आज जागेचा एक गुण कापावा लागला. मी आत पाऊल टाकते तोच मालकीणबाई कडाडल्या, काल कुठे होतात? साडेतीनपर्यंत थांबलो सगळे, तुमची वाटी झाकून ठेवली होती. मुलगी म्हणाली, मावशी, निरोप तरी द्यायचा. वेटरने हातोडी जोरात आपटली.
मी म्हटलं, सर्दी. लगेच आल्याचं गरम पाणी आणि दोन्ही बाजूंनी सल्ले.
ग्राहकाच्या खासगी आयुष्यात इतकं नाक खुपसणं बरं नव्हे. आठ.

२७ मार्च, शुक्रवार.
रविवारी एक वाजता दोघी येणार, मी आणि माझी लेक, असं सांगून ठेवलं. मालकीणबाई खूश. आणा की, तिनेही घर बघितलेलं नाही अजून. हॉटेलला घर म्हणतात! हे लेकीला जरूर ऐकवायचं.
बाकी अकरा जागांचा नाद सोडला. दर्जा महत्त्वाचा, संख्या नव्हे. एवढंच की लेक हिशेबाला पक्की आहे.

२९ मार्च, रविवार. संध्याकाळी ५.
लिहायचं तर सगळंच लिहावं.

लेकीला घेऊन एक वाजता हजर. वेटरला बोटाने खूण केली. लेक इकडेतिकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, आई, हे काय आहे? मी म्हटलं, माझी जागा. ती म्हणाली, आई, तो माणूस कपाटाला दार बसवतोय. मी म्हटलं, छोट्या जागांत स्टाफला सगळंच करावं लागतं. ती म्हणाली, तिथे करवत आहे. मी म्हटलं, डेकोर.

जेवण फर्मास झालं. मुलीने मुद्दाम दोनदा मीठ चाखून सूप आणलं. लेकीने वाटी पुसून खाल्ली. मी विजयी मुद्रेने मोठ्यांदा बिल मागवलं.

वेटर म्हणाला, कसलं बिल, काकू? खुर्ची घेताय का शेवटी?

मग जे झालं ते असं. मालकीणबाई स्वयंपाकवाल्या मुलीला, म्हणजे त्यांच्या सुनेला, म्हणाल्या, तुझ्या मावशी आज असं काय बोलतायत? सून म्हणाली, माझ्या कुठल्या? तुमच्या मैत्रीण ना या? सासू म्हणाली, माझी मैत्रीण असती तर मी तुला सांगितलं नसतं का? मी समजत होते, गावाहून येणार होती ती तुझी मावशी. सून म्हणाली, अहो, ती कधीच वारली, तिच्या अंत्यविधीला तुम्हीच आला होतात माझ्याबरोबर! सासू म्हणाली, मला वाटलं, ही धाकटी.

वेटर, म्हणजे सुतार, म्हणजे मालकीणबाईंचा मुलगा, म्हणाला, मला पहिल्या दिवशी गिऱ्हाईक वाटल्या. पण आईने ताट वाढलं तेव्हा म्हटलं, घरातल्याच असतील. मग डोळे मोठे करून म्हणाला, खिळ्यांचा डबा! त्याची बायको त्याच्याकडे बघेना. अकरा दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला होता, हे आज कळलं.

तीन आठवडे. रोज. लोकांच्या घरात. अळणी म्हणून परत पाठवलेलं ते सूप आठवलं आणि भुसा दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. सिस्टर असत्या तर कोपऱ्यात उभं केलं असतं, तोंड भिंतीकडे करून. मी शाल सावरून उठले.

लेकीने पर्समधून ब्रोशर काढून टेबलावर ठेवलं. संपलं. हिरवळ. बाल्कनी.

पण ती मालकीणबाईंकडे वळली. विचारलं, या कोण, हे तुम्हाला माहीतच नव्हतं? त्या म्हणाल्या, नाही बाई. मग विचारलं का नाहीत? तर म्हणाल्या, दारात आलेल्या माणसाला तू कोण, असं विचारतात होय? लेक म्हणाली, मग रोज जेवायला का घातलंत? त्या म्हणाल्या, जेवायच्या वेळेला यायच्या म्हणून.

आणि मग कुणी न विचारता त्याच पुढे बोलल्या. बुधवारी आल्या नाहीत तेव्हा मात्र जीव टांगणीला लागला हो. याला शोधायला धाडलं. ना नाव माहीत, ना पत्ता. राखाडी शालवाली बाई पाहिली का, पाठीवर वॉर्निशचा पट्टा आहे, असं विचारत हा चौकापर्यंत फिरला. गादीवाल्याने तेवढं सांगितलं की मागे एकदा त्याच्याकडे झोपून गेल्या.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. गाद्यांचं मी तिला सांगितलं नव्हतं. मी छताचे पत्रे पाहू लागले.

तिने नाक ओढलं, म्हणाली भुशाने होतं. मग ब्रोशर उचलायला गेली. उचलेना. सुतार ओरडला, अहो ताई, ते टेबल ओलं आहे! ओढलं तर मागचं पान आलं, कव्हर तिथेच. शेवटी त्याने रंधा घेतला. हिरवळीवरची म्हातारी वळ्यावळ्यांनी निघाली आणि भुशात पडली. शेवटपर्यंत हसतच होती.

लेक म्हणाली, राहू दे, नवं मागवायला मला वेळ नाही. सुताराकडून पेन्सिल मागून घेतली आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावर आतल्या बाजूने माझं नाव, पत्ता आणि स्वतःचा फोन नंबर लिहिला.

३० मार्च, सोमवार. दुपारी २.
बारा जागांची यादी: रद्द. अकरा सापडल्या नाहीत. बारावी ही जागा नव्हे.

आज जायचं नाही असं ठरवलं होतं. साडेअकराला सुतार दारात. आईने बोलावलंय. नोटा परत करायला असेल असं वाटलं. नोटाही दिल्या. पण मुख्य काम वेगळं. अंगणातली खुर्ची बंद. आत, स्वयंपाकघरात, स्टुलावर बसवलं, सुरी हातात दिली, पुढ्यात टोपलीभर बटाटे. मालकीणबाई म्हणाल्या, पाहुणी होतात तोवर ठीक होतं.

मी बटाटे सोलले. सून माझ्या मागे उभी राहून बघत होती. सतरा तारखेचं सूप ती विसरलेली नाही. एक साल उचलून उजेडात धरलं, सासूला दाखवलं. दोघींनी माना हलवल्या. त्या दोघी एकमेकींशी सहमत झालेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

साल फार जाड. दहापैकी चार.